मोजण्यापुरतं वाकणं

दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा होत्या. सर्वांत खालची जमिनीपासून आठ इंचांवर, पंधरा दिवसांपूर्वीची. त्यानंतरची प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या वर, आजची पावणेबारा इंचांवर.

रेघ म्हणजे मिस्त्रीची बोटं पोचली ती जागा. पाठ धरल्याला अकरा आठवडे झाले होते. रोज सकाळी तो कुशीवर वळे, कोपरावर भार देऊन दात-ओठ खात उभा राही, आणि गुडघे ताठ ठेवून होईल तेवढा वाकून खूण करी. मग दुपारपर्यंत हलायची सोय नसे. मोजे चढवायलाही बायको लागे. पण फरश्या बसवण्यात हयात गेलेली. पातळी बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा त्याचा शिरस्ता. रेघ वर सरकली, म्हणजे वाकणं कमी पडलं, की दुसऱ्या दिवशी तो आणखी जोर लावी.

घरी येऊन व्यायाम शिकवणाऱ्या ताईंच्या नजरेला आज त्या रेघा पडल्या.

"हे काय?"

"प्रगतिपुस्तक," बायको म्हणाली. "यंदा नापास आहेत."

"उठल्या उठल्या वाकायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

"वाकत नाही हो ताई. नुसतं मोजतो."

ताई रेघांकडे बघत राहिल्या. "रात्रभर आडवं पडलं की मणक्यांमधल्या चकत्या पाण्याने फुगतात. तेव्हा वाकलं की त्यांच्यावर सगळ्यांत जास्त ताण येतो. जे भरून येत होतं ते तुम्ही रोज सकाळी उसवत होतात."



"आता थांबवलं तर?" बायकोने विचारलं.

"चालतील. खुर्चीत बसतील. हलकीसलकी कामं करतील."

"आणि गुडघ्यांवर बसून फरशी? दिवसभर?" हे मिस्त्रीने विचारलं.

ताईंनी पिशवीची चेन लावली. "खोटं नाही सांगत. ते धरून चालू नका."

दुपारी लंब्या आला. एकोणीस वर्षं कामात बरोबर असलेला जोडीदार. चौकटीखालून मान वाकवूनच आत शिरला.

"काय वहिनी, सरदार अजून लोळतायत?"

"तुमच्याच वाटेकडे डोळे लावून."

लंब्या पलंगाजवळ स्टूल ओढून बसला. "सोमवारी दवाखान्याचा मजला सुरू होतोय. आठ खोल्या, प्रत्येकीत खांब आणि नळ. कोपऱ्यातल्या फरश्यांचे काप तुझ्याशिवाय कोण घेणार? परवा माझे बघून मालक म्हणाला, उंदीर ठेवलेत का कामाला?"

मिस्त्री हसला आणि ते हसणं कळ होऊन कमरेतून पोटरीपर्यंत गेलं. श्वास रोखून तो छताकडे बघत राहिला. लंब्याने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"दुसरा एक गडी मिळतोय," तो म्हणाला. "हात चांगला आहे. पण त्याला घेतलं की मग कायमचंच. म्हणून थांबवून ठेवलाय. तू फक्त सोमवारी ये."

उशी सारखी करता करता बायको थांबली. अकरा आठवडे दर खेपेला बोलणं इथवर आलं की मिस्त्री "पुढच्या सोमवारी नक्की" म्हणत आला होता. आत्ताही त्याचे ओठ त्याच शब्दांसाठी उघडले, आणि मिटले.

"त्याला घे, लंब्या," तो म्हणाला. "मी सोमवारी येत नाही. आता फरशीच्या कामावर मी परत येणारच नाही."