बिनचिठ्ठीचे डबे

दाताच्या डॉक्टरांची गाडी गॅरेजात आली ती तापलेलीच. डॉक्टरही तापले होते, पण रोग्यांसमोर हसायची सवय असल्यामुळे हसत होते. सुनेनं बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं आणि कूलंटच्या टाकीचं झाकण फिरवलं. आत इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी असायला हवं होतं. होता साय धरलेला गार चहा. पाण्यात तेल घुसळलं गेलं की असला रंग येतो.

गॅरेज सासऱ्यांचं. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे पाना सुनेच्या हातात आणि शेवटचा शब्द सासऱ्यांचा, अशी वाटणी होती. सासऱ्यांना अख्खी गल्ली उस्ताद म्हणायची. त्यांचा एक कायदा होता: गॅरेजात एकाही डब्यावर चिठ्ठी लावायची नाही. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, सगळं एकसारख्या निळ्या डब्यांत. ओळखायचं वासावर. ''ज्याला वास कळत नाही त्यानं गॅरेजात पाऊल टाकू नये,'' ते म्हणायचे. ''दुकान टाकावं, बिस्किटं विकावीत.'' सुनेला त्यांनी डोळ्यांवर फडकं बांधून शिकवलं होतं. दोन महिने बिचारीला जेवणालाही ब्रेक ऑइलचा वास यायचा.

तर उस्ताद खुर्चीतून उठले. टाकीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. गिऱ्हाइकांना हे फार आवडायचं. डॉक्टरांनीसुद्धा श्वास रोखला.

''हेड गास्केट गेलं,'' उस्ताद म्हणाले. ''हेड उतरव, सूनबाई.''

हेड गास्केट म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसवलेला पातळ पत्रा. तेलानं तेलाच्या वाटेनं जावं, पाण्यानं पाण्याच्या, एवढंच तो बघतो. तो फाटला की दोघांची सोयरीक होते आणि अर्धं इंजिन उलगडावं लागतं.

''उतरवावंच लागेल का हो?'' डॉक्टरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर ऐकला होता. विचारायची पाळी पहिल्यांदाच आली होती.

''आधी तपासते,'' सून म्हणाली. उस्तादांनी भुवया उंचावल्या. त्यांनी सांगितल्यावर तपासायचं काय उरतं, हे त्यांना कळेना.

तिनं इंजिनातली तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल बरोबर खुणेपर्यंत, थेंबभरही कमी नाही. पाण्यात एवढं तेल गेलं, मग इंजिनातलं घटलं कसं नाही? चारही सिलिंडरचा दाब मोजला, सारखा भरला. कूलंटच्या टाकीला पंप लावून हवा भरली आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसली. काटा ढिम्म. गास्केट ठणठणीत होतं.

मग तिनं सिरिंजनं टाकीतल्या चिखलावर तरंगणारं तेल ओढलं. सिरिंज पाहून डॉक्टर आपल्या माणसांत आल्यासारखे जवळ सरकले. पांढऱ्या कागदावर तिनं एक थेंब त्या तेलाचा टाकला, शेजारी एक इंजिनातला. इंजिनातला काळाकुट्ट, पाच महिने पळालेला. टाकीतला मधासारखा पिवळा. या तेलानं इंजिनाचं तोंडच पाहिलं नव्हतं.

''मग आलं कुठून?'' डॉक्टरांनी विचारलं.

''वरून. झाकण काढून कुणीतरी ओतलंय.''

''कोणी?''

''संध्याकाळी या, सांगते,'' सून म्हणाली, पण तिला तेव्हाच कळलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ दिवसांपूर्वी डॉक्टर दिव्याचा बल्ब बदलायला आले होते. उस्तादांनी न सांगता, प्रेमानं, कूलंट भरून दिलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात घरी दूध करपून भांडं काळं झालं, तेव्हा उस्ताद शेगडीच्या शेजारी बसून पेपर वाचत होते. ती त्यांना नाही नाही ते बोलली होती. आता तिला आपल्या जिभेची लाज वाटली.

डॉक्टर गेल्यावर तिनं एका फडक्यावर गिअर ऑइल घेतलं. त्याचा वास असा, की शेजारचं मांजर उठून जातं. ते तिनं उस्तादांपुढे धरलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

''बाबा, हे काय आहे बघा हो.''

उस्तादांनी हुंगलं, डोळे मिटले. ''विचारायचं काय त्यात? कूलंट.''

मांजर उठून गेलं.

''बाबा, हे गिअर ऑइल आहे.''

उस्तादांनी फडकं पुन्हा नाकाला लावलं. मग घडी घालून मांडीवर ठेवलं.

''थंडीतल्या त्या तापापासून,'' ते म्हणाले. ''चहासुद्धा नुसतं गरम पाणी लागतो.''

''मग सांगायचं नाही?''

''कुणाला सांगू? चाळीस वर्षं लोकांना बिस्किटं विकायला पाठवलं मी.''

तिला रडू आलं, रागही आला. राग आधी बाहेर पडला. ''आज कूलंटमध्ये तेल गेलं. उद्या ब्रेकच्या डबीत गेलं असतं तर डॉक्टर भांडायलासुद्धा आले नसते, बाबा!''

उस्ताद बाह्या सरसावून टाकी धुवायला बसले. दोघांनी मिळून टाकी, रेडिएटर आणि नळ्या चार वेळा धुतल्या. पाचव्यांदा पाणी स्वच्छ आलं तरी उस्तादांनी सहाव्यांदा धुवायला लावलं.

संध्याकाळी डॉक्टर आले. सुनेनं तोंड उघडायच्या आत उस्ताद उभे राहिले.

''माझ्या हातून झालं. नाक गेलंय माझं. चुकीचा डबा ओतला.''

डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला. ''मी एकदा चांगला दात काढलाय,'' ते म्हणाले. ''किडका शेजारी होता.''

''मग काय केलंत?'' उस्तादांनी विचारलं.

''तेव्हापासून रोग्यालाच बोट ठेवायला सांगतो. दोनदा.''

गाडी गेली. उस्तादांनी हात पुसले. सुनेला वाटलं, आता घरी जाणार आणि परत येणार नाहीत. ते मात्र कोपऱ्यातून पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन डब्यांच्या फळीसमोर स्टूल ओढून बसले.

''तू वास घेऊन सांग. मी लिहितो. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.''

तिनं एकेक झाकण उघडलं, हुंगलं, सांगितलं. इंजिन ऑइल. कूलंट. गिअर ऑइल. उस्तादांचं अक्षर सुंदर होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते कशाला लपवून ठेवलं होतं कोण जाणे. शेवटचा डबा आला.

''ब्रेक ऑइल,'' ती म्हणाली.

उस्तादांचा ब्रश हवेतच थांबला. ''परत घे वास.''

तिनं परत वाकून हुंगलं. ''ब्रेक ऑइलच आहे, बाबा.''

मग त्यांनी लिहिलं.