मुकं कपाट

गोष्टताईने हातातल्या कापडी सिंहाचा जबडा उघडला आणि तो तसाच उघडा राहिला. सतरंजीवर बसलेली पोरं, आता सिंह काय बोलतो म्हणून माना वर करून बघत होती. सिंह काही बोलेना. ताईची नजर पोरांच्या डोक्यांवरून पलीकडे, काचेच्या भिंतीतून थेट किशोर विभागात गेली होती. तिथल्या जाडजूड खांबाआड, मुक्या कपाटासमोर तिची लेक उभी होती.

"गोष्टताई, त्याचं तोंड अडकलं का?" पुढचे दात पडलेल्या मुलीने विचारलं.

"आणि सिंह तर झोपला होता," चष्मेवाल्या मुलाने हरकत घेतली. "तुम्हीच झोपवलात मघाशी."

"त्याला वाईट स्वप्न पडलं," ती म्हणाली. "उठला बिचारा दचकून."

"कसलं स्वप्न?"

रोज शंभर गोष्टी रचणारी बाई ही, पण आज शब्द सुचेल तर शपथ. शेंडा ना बुडखा असा काहीतरी शेवट करून तिने सिंहाला परत झोपवलं आणि दाराशी थांबलेल्या आयांच्या हाती एकेक पोर सोपवलं. चष्मेवाला जाताना आईला सांगत होता की आजची गोष्ट काही बरोबर नव्हती. बरोबरच होतं त्याचं.

एरवी ती त्या कपाटाकडे पाठ करूनच गोष्ट सांगायला बसायची. आज त्या बाजूचा पंखा बंद पडला म्हणून सतरंजी फिरवून घातली, आणि नको ते दिसलं.

मुकं कपाट ही कल्पना तिचीच. अडनिड्या वयाच्या मुलांना काही पुस्तकं हवी असतात, पण ती काउंटरवर आणायची म्हटली की कानाच्या पाळ्या लाल होतात. अंगात होणारे बदल, आईबापांचं न पटणं, बापाची दारू, घरातलं कुणाचं जाणं. अशी सगळी पुस्तकं तिने खांबाआड, काउंटरवरून दिसणार नाहीत अशी लावली. कार्ड नाही, शिक्का नाही. हवं ते न्यावं, वाचून झालं की गुपचूप आणून ठेवावं. ग्रंथपाल साहेब म्हणाले होते, "कपाट रिकामं होईल, मग बसा हात चोळत." तसं काही झालं नाही. पुस्तकं परत येत. कधी कोपरे दुमडून, कधी तर नवं कव्हर घालून.

नियम एकच, आणि तो मोठ्यांसाठी. कोण काय नेतं हे बघायचं नाही आणि विचारायचं तर मुळीच नाही. 'इथे तुम्हाला कुणी काही विचारणार नाही,' अशी पाटी तिने स्वतःच्या हाताने रंगवून कपाटावर लावली होती. एखादी जागा बरेच दिवस रिकामी राहिली, तर ती त्याच विषयावरचं दुसरं पुस्तक शेजारी आणून ठेवी. भुकेल्याला नाव-गाव विचारू नये, ताट वाढावं, असं तिचं म्हणणं.

गेल्या महिन्यात तिथून एक पातळसं पुस्तक गेलं होतं. घरातलं माणूस मोठ्या दुखण्याने आजारी पडतं तेव्हा मुलांनी काय करायचं, त्याचं. ती रिकामी जागा तिच्या लक्षात आली, तेव्हा तिचा स्वतःचा रिपोर्ट हातात पडून चार दिवसही झाले नव्हते. छातीतली गाठ साधी नव्हती. ऑपरेशन करावं लागणार होतं. नवऱ्याखेरीज आणि बहिणीखेरीज तिने कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि मुलीला तर नाहीच. मुलीची परीक्षा तोंडावर आलेली. ती होऊ दे, मग सांगू, असं ठरलं होतं. तोवर दवाखान्याच्या फेऱ्यांना घरात 'पुस्तक खरेदीची बैठक' असं नाव होतं. खोटं बोलणं तिला जड गेलं नाही. जन्मभर दुसरं केलं काय होतं? पण रोज रात्री जेवताना लेकीने सहज वर पाहिलं तरी ती उठून उगाच तांब्या भरायला जायची.

त्या कुण्या अनोळखी पोराबद्दल मात्र तिला फार वाटलं. खूप शोधाशोध करून तिने एक जाड, जरा मोठ्या मुलांसाठीचं पुस्तक त्या फटीशेजारी ठेवलं. काही दिवसांनी तेही गेलं.

आणि आज तिथे तिची बुटकी उभी होती. लहानपणी मुठीएवढी होती म्हणून बुटकी. आता ती आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते, पण नाव काही सुटलं नाही. काय न्यायला आली असेल? दुसरं काहीही नेऊ दे. वयच आहे तसं, काहीही वाचू दे. फक्त ते नको.

"आज सिंहाला लवकर सुट्टी दिलीत, ताई," काउंटरवरचे काका म्हणाले.

"काका, तिकडे कोण येऊन गेलं आत्ता?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिकडे बघायचं नाही, हे तुम्हीच सांगितलंत ना? न बघून बघून मान आखडली माझी."

"तसं नाही. सकाळपासून किशोर विभागात कोण कोण आलं?"

"कोण येणार? मोठ्या पोरांच्या शाळा कुठे सुटल्यात? तुमच्या बुटकीला तेवढी अभ्यासाची सुट्टी, ती आलीय. बसलीय आत खिडकीशी."

ती खांबाला वळसा घालून कपाटासमोर गेली. स्वतःचाच नियम मोडताना तिला चोरट्यासारखं वाटत होतं. तिने वरच्या फळीपासून बोट फिरवत आणलं. फट नव्हती. खालच्या फळीवरही नव्हती. सगळी पुस्तकं जागच्या जागी होती, अगदी ती दोन धरून. पातळ आणि जाड, शेजारी शेजारी, पाठी सरळ करून लावलेली.

तिचा जीव भांड्यात पडला. काही नेलंच नाही कार्टीने, नुसती बघत उभी राहिली असेल. तिला स्वतःचंच हसू आलं. आणि ती दोन्ही पुस्तकंही परत आली होती. कुणाच्या तरी घरचं माणूस बरं झालं असेल, देव करो. तिने जाडं पुस्तक जरा आत सारलं.

मग हात तिथेच थांबला. आज सकाळी दार उघडल्यावर हे कपाट तिने स्वतः पुसलं होतं. तेव्हा इथे दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. महिनाभर ती परक्या पोरांचे चेहरे चोरून वाचत होती. कोपऱ्यात एकटा बसणारा तो उंच मुलगा असेल का, की नखं खाणारी ती मुलगी? दोघांशीही ती उगाच गोड बोलली होती. आणि गेल्या आठवड्यात जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं होतं, "कुणाचं पोर आहे कोण जाणे, एकटंच वाचत बसलंय. घरच्यांनी नको का नीट जवळ घेऊन सांगायला?" नवऱ्याने ताटातून मान वर काढली नव्हती. बुटकी पाण्याचा पेला भरता भरता म्हणाली होती, "सांगतील गं. त्यांनाही वेळ लागत असेल." तेव्हा तिला वाटलं होतं, पोर किती समजूतदार झालीय.

पाय ओढत ती खिडकीशी गेली. बुटकी भूमितीचं पुस्तक उघडून बसली होती. तिच्यासमोर बसल्यावर आईच्या जिभेवर सगळे प्रश्नच आले. कधी कळलं, कसं कळलं, रात्री झोपतेस का. पण प्रश्न विचारायला तिला तोंड नव्हतं. सांगणंच तेवढं उरलं होतं.

"बुटके, तुला एक सांगायचंय."

पेन्सिल थांबली. "सांग."

"ती पुस्तक खरेदीची बैठक असते ना…"

"आई, तेवढी पुस्तकं घेतली असतीस, तर इथे पाय ठेवायला जागा उरली नसती."

आईने ओठ घट्ट मिटले. तरी तोंडून निसटलंच. "कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी. म्हणजे मला नाही, मावशीला. फोनवर. बाबांना हळू बोलता येत नाही."

"मग मला का नाही गं विचारलंस? इतके दिवस?"

बुटकी पेन्सिलीचं टोक बघत राहिली. "त्या दुसऱ्या पुस्तकात आहे. जाड्या. मोठी माणसं आधी स्वतःच घाबरलेली असतात, त्यांच्या मागे लागू नका, त्यांना वेळ द्या. मी दिला." पेन्सिल वहीत ठेवून ती म्हणाली, "किती द्यायचा ते नाही लिहिलेलं. आज पुस्तकं ठेवून टाकली. दुसऱ्या कुणाला लागली तर."

आईला खूप काही म्हणायचं होतं. त्याऐवजी परीक्षेनंतरसाठी पाठ करून ठेवलेलं तिने म्हणून टाकलं. लवकर लक्षात आलंय, डॉक्टर हुशार आहेत, थोडे दिवस त्रास होईल, केस जातील, परत येतील. गोष्ट सांगायचा आवाज लावून तिने सगळं ओळीने सांगितलं, कुठेही न अडखळता.

"हे सगळं माहितीय मला," ऐकून झाल्यावर बुटकी म्हणाली. "तुला भीती वाटते का?"

नवरा म्हणाला होता, सगळं ठीक होईल. डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका. बहीण म्हणाली होती, तू खंबीर आहेस. हे मात्र तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"वाटते," ती म्हणाली. तो आवाज गोष्टीतला नव्हता. "फार वाटते गं."

बुटकीने मान हलवली. शेजारच्या खुर्चीवरचा वह्यांचा ढीग तिने दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि खुर्ची ओढून आईकडे फिरवली.

"इकडे बस," ती म्हणाली.