शकुनच्या घरची अंडी

शकुननं चार अंडी पदराला पुसली, पिशवीत ठेवली आणि मागच्या भिंतीवरून हाक मारली.

"भैय्यालालभाऊ, घ्या. ताजी हायेत."

भिंतीपलीकडे भैय्यालालचं भंगारचं गोदाम. आतल्या तांब्यासाठी तो रोज टिनाच्या शेडखाली वायरींची भेंडोळी पेटवी आणि काळा धूर शकुनच्या अंगणात उतरे. त्याचं राहतं घर भंडाऱ्यातच, पण दोन गल्ल्या पलीकडे, जिकडे वारा सहसा जात नाही तिकडे. माणूस विचारी होता.

"रोज काहून तरास घेता, वैनी?"

"शेजारधर्म."

त्याला गहिवरून आलं. नगरपालिकेत तीन-तीन अर्ज देणारी बाई सुधारली, असं तो चहाच्या टपरीवर सांगत असे.

उन्हाळ्यात नागपूरच्या कॉलेजातल्या एक मॅडम तिच्या कोंबड्यांची अंडी तपासायला घेऊन गेल्या होत्या. मग कागद आला. मॅडमनी समजावलं: जळक्या वायरीचं विष धुराबरोबर उडतं, मातीवर बसतं, कोंबडी माती टोचते, ते तिच्या चरबीत मुरतं आणि बलकात उतरतं. वर्षानुवर्षं जात नाही. अंडी विकू नका, खाऊ नका.

शकुननं विकणं त्याच दिवशी थांबवलं. पण नातीला पाच वर्षं मांडीवर बसवून तिनंच रोज एक अंडं चारलं होतं. तिच्या अंगात मुरलेलं ते आता कसं काढायचं?

ज्याचं विष त्याला पोचतं करायचं, एवढंच तिनं ठरवलं. श्रावण लागला तरी भैय्यालाल पिशवी घेतच राहिला. श्रावणातही मेल्याला जीभ आवरत नाही, हे पाहून तर तिला फारच समाधान वाटलं.

एका रविवारी गोदाम बंद होतं. शकुन पहिल्यांदाच त्याच्या घरी गेली. दार त्याच्या लेकीनं उघडलं. गुड्डी बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना, एक हात कमरेवर.

"या ना वं मावशी! आली तवापासून तुमचीच अंडी खाऊन राहिली मी. बाबा तं श्रावणात शिवत बी नाही. म्हणते, शकुनवैनी मायेनं देते, पोरासाठी खा."

गुड्डीनं पिशवीसाठी हात पुढे केला. शकुननं पिशवी पाठीमागे नेली. मग कमरेला खोचलेली मॅडमच्या कागदाची घडी काढून तिनं गुड्डीच्या हातात दिली.

"हे खाऊ नोको, बाई. वाच. अन् तुह्या बापाले दाखव."

गुड्डी उभ्या उभ्या वाचू लागली. मोकळा हात हळूहळू पोटावर आला. आता या घरात जो भडका उडेल तो वायरीचा नसेल, हे शकुनला दिसत होतं. तोच पाहायचा होता इतके दिवस. ती वळली, पायरी उतरली, चपला शोधू लागली.

"मावशी."

गुड्डीचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर होतं.

"याच्यावर तारीख जूनची हाय."

शकुनला दुसरी चप्पल काही केल्या सापडेना.