जानकावैनीचं पत्र

“...आणि पत्राच्या खाली काळ्या शाईनं हाताचा पंजा काढलेला असायचा,” रत्ना वाचत होती. जुन्नरच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची, आणि उद्याचा तास आज बापासमोर, सोमनाथसमोर, म्हणून बघायची.

इटलीतून अमेरिकेत पोट भरायला गेलेली माणसं. कुणी न्हावी, कुणी पाववाला. जरा बरे दिवस आले की पत्र यायचं : पैसे ठेव, नाहीतर दुकान उडवू. पुढच्या मोठमोठ्या टोळ्यांची सुरुवात असल्या चिठ्ठ्यांत होती.

“लिवणारं कोण?” सोमनाथनं विचारलं. तीस वर्षं त्यानं पोस्टमनकी केली होती.

“त्यांच्याच गावचं, दादा. एका बोटीतून आलेलं.”

“मग पोलिसात का न्हाई गेली?”

“पोलीस म्हणायचे, हे सगळे एकाच माळेचे. आपसात मरू द्या.”

सोमनाथनं चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या.

सत्तावीस वर्षांपूर्वी वस्तीतल्या जानकाबाईला असंच पत्र आलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. वस्तीतली सगळी पत्रं सोमनाथच दारात उभा राहून वाचून दाखवायचा. त्यात होतं : पोराची मनीऑर्डर बुद्धविहारामागं ठेव, नाहीतर गोठा पेटवू. खाली कोयता काढलेला. अक्षर सोमनाथच्या धाकट्या भावाचं, भागूचं. गावातल्या एखाद्या साहेबाच्या बंगल्याला असलं पत्र धाडायची छाती नव्हती त्याची. रांडमुंड बाई बरी सापडली.

सोमनाथनं तोंडाला येईल ते वाचलं. पोरगं खुशाल आहे, तुझी आठवण काढतंय. जानकाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या खिशात शेंगा कोंबल्या. भावाला घरी जाऊन दम देऊ, मिटेल, असं त्याला वाटलं. चौथ्या दिवशी दोन शेळ्या गोठ्यात जळाल्या. ठाण्यातला हवालदार म्हणाला, तुमच्या वस्तीतलं तुम्हीच बघा.

आता ती ऐंशीची. पोरगा दोन वर्षांपूर्वी वारला. ऐकल्यावर तिनं दार लावून घेतलं असतं, तर या वस्तीत सोमनाथला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तिच्या उंबऱ्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. भागूचं नावही घेतलं.

जानकाबाई लसूण सोलत होती. “ठावं हाय, भावजी. पोरगं सुट्टीला आलं, तवा त्यानं वाचलं.”

“मग बोलला का न्हाईत, वैनी?”

“शेळ्या काय परत येणार व्हत्या? तुमची खाकी तेवढी गेली आसती. अन् तुमच्याबिगर पत्रं वाचणारं कोण व्हतं आमाला?”



ती भिंतीला धरून उठली. पत्र्याच्या डब्यातून तिनं घडीवर फाटलेला कागद आणला. “जाळाय निघालं व्हतं पोरगं. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे.” तिनं तो त्याच्या हातात दिला. “तवा वाचला व्हता, तसा वाचा.”

सोमनाथनं चष्मा लावला. कोयत्यावर अंगठा ठेवला.

“आई,” त्यानं वाचायला सुरुवात केली, “मी हिकडं खुशाल हाय.”