सोयऱ्यांना सांगू नका

"आजच्या तारखेपासून आंबाटोल्यात गरिबी औषधालाही सापडणार नाही!" ओमेशजींनी माइकवरून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी लाइट गेली.

मंडपवाल्याकडे जनरेटर होता, पण त्यात डिझेल नव्हतं. गरिबी नुकतीच संपलेल्या गावाने मग दहा-दहा रुपये वर्गणी काढली. रामलाल मोटारसायकलवरून अर्जुनी मोरगावला गेला, कॅन भरून आला, आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ओमेशजींचा आवाज पुन्हा घुमू लागला. मधल्या वेळात एकही माणूस उठून गेला नव्हता. श्रद्धा याहून वेगळी काय असते?

ओमेशजी गोंदियाहून पांढऱ्या गाडीतून यायचे. पांढरा कुर्ता, कपाळाला टिळा, एका कानात यंत्र. ते स्वतःला महाराज म्हणवून घेत नसत. 'डिजिटल साधक' म्हणवून घेत.

"देखो माताजी," ते समोरच्या बायांना समजावत होते, "नोट फाटते. सोनं चोरीला जातं. जमिनीवर सख्खा भाऊ केस टाकतो. पर जो चीज हैच नहीं, उसको कौन चुराएगा?"

हे इतकं पटण्यासारखं होतं की टाळ्या पडल्या.

नसलेली ती चीज म्हणजे तलावकॉइन आणि त्याच्यासोबत मिळणारा डिजिटल सातबारा. गावच्या तलावाचा वरून काढलेला फोटो, त्याचे बारीक चौकोन पाडलेले. एक चौकोन विकत घ्यायचा, तो जगात फक्त तुमचा. पुढे परदेशातली माणसं तो दहापट भावाने मागायला येणार.

"माझ्या चौकोनातले मासे कोनाचे?" म्हाताऱ्या बकारामने विचारलं.

"मासे डिजिटल हैं, काका."

"मंग काटे तरी नसतीन."

लोक हसले, पण बकारामने चौकोन बघून ठेवला होताच. कारण ओमेशजींच्या बोलण्यामागे पुरावा होता. दर मंगळवारी सकाळी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर त्यांचा संदेश यायचा. परदेशातलं एक मोठं कॉइन आहे, त्याचा भाव रात्री नऊपर्यंत वर जाणार की खाली, एवढंच त्यात असायचं. रात्री नऊला लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बघायचे. पाच मंगळवार झाले, पाचही वेळा बरोबर.

"मी जाहिरात करत नाही," ओमेशजी म्हणाले. "जाहिरात साबणाची करतात. आमचा संदेश योग्य माणूस स्वतः शोधतो. संदेशाने तुमचं गाव निवडलं. आंबाटोला भाग्यवान! नियम एकच: सोयऱ्यांना सांगू नका. ऊर्जा फाटते."

हा नियम पाळायला आंबाटोल्याला काहीच कष्ट पडले नव्हते. चांगलं झालेलं सोयऱ्यांना सांगितलं की ते उसने मागायला येतात आणि वाईट झालेलं सांगितलं की समजूत घालायला येतात. दोन्हीला चहा लागतो.

मागच्या रांगेतून पुष्पांजली उठली. ही पुढच्या रांगेत बसलेल्या कुंदाबाईची सून. गावच्या शाळेत गणित शिकवायची. "भाव वर जाणार की खाली, हे तुम्हाला आधी कसं कळतं?"

ओमेशजी प्रेमाने हसले. "मॅडम, तुमच्या शाळेत पाचपैकी पाच किती पोरांना पडतात?"

पाळ हशाने हादरली. सगळ्यात मोठ्याने हसली ती कुंदाबाई.

*

कुंदाबाईने ठरवून टाकलं होतं. तलावाच्या पाळीला लागून असलेली बांधी विकायची आणि आलेला सगळा पैसा चौकोनांत घालायचा. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. घरची बाकीची जमीन पाटाच्या शेपटाला होती, तिथे पाणी पोचेपर्यंत नवरात्र यायचं. पाळीखालच्या बांधीला मात्र पहिलं पाणी. सासूच्या सासऱ्यापासून त्या एका बांधीचा तांदूळ घराने खाल्ला होता. व्यापारी नंदलाल पुढच्या सोमवारी, ओमेशजींच्या सभेतच इसार देणार होता.

"आत्याबाई, बांधी गेल्यावर खायचं काय?" पुष्पांजलीने ताट वाढताना विचारलं.

"इकत घेऊन खाऊ. बासमती."

"आणि पैसे बुडाले तर?"

"पाच खेपा चुकला नाही, तो सहाव्या खेपेले कायले चुकते व? तुझ्या मायच्या घरी स्लॅब पडला तवा कोनी इचारलं होतं का, पैसा कुठून आला म्हणून?" सौंदडच्या विहिणीचा स्लॅब कुंदाबाईच्या छातीवरच पडला होता. "तू गणिताची मास्तरीण नं? सांग मले, कुठी चुकला ते."

नवरा शुभम भात कालवत म्हणाला, "हो, सांग ना."

सांगता येत नव्हतं. हीच तर पंचाईत होती. पुष्पांजलीने पाचही मंगळवार स्वतः तपासले होते. नाणं उडवून अंदाज बांधला तरी पाचच्या पाच बरोबर येऊ शकतात, पण बत्तीसात एखाद्या वेळी. रात्रभर तिला एकच प्रश्न छळत राहिला. बत्तीसातला तो एक नेमका आमच्याच गावाच्या वाट्याला काऊन? एकदा तर तिच्या मनात येऊन गेलं, की खरंच गाव भाग्यवान असेल तर? या विचाराची तिला इतकी चीड आली, की ती सकाळी उठली आणि सौंदडला माहेरी निघून गेली.

*

शकुंतलाबाई लेकीला बघून खूश झाली, पण ओमेशजींचं नाव निघताच पाणी आणायला आत गेली. पाणी पुष्पांजलीच्या हातात आधीच होतं.

"आई, इथेही येतात का त्यांचे संदेश?"

"येत होते," शकुंतलाबाई बोलून गेली आणि लगेच म्हणाली, "म्हणजे येतेत. येऊन राहिले. चार्जिंगले लावला हाये मोबाइल."

मोबाइल तिच्या कमरेला खोचलेला होता.

"आई."

"तुझ्या सासूले सांगजो नोको, बाई." ती पायरीवर बसली. "दोन मंगळवार बरोबर आले. साऱ्या सौंदडचे. तिसऱ्याले आलं, भाव वर जाईन. तो गेला खाली. मंग एकच संदेश आला, 'आपल्या गावाची श्रद्धा कमी पडली.' तवापासून बंद. मी कोनाले बोलली नाही. कुंदाबाईच्या गावाले नशीब हाये अन् आमच्या गावाले नाही, हे तिच्या तोंडून आयकू का मी?"

"तिसऱ्या मंगळवारी? आमच्याकडे तर 'खाली' आलं होतं."

"एकाच मानसानं धाडलं अन् दोन कसे?"

पुष्पांजली इतकी हसली, की पेल्यातलं अर्धं पाणी साडीवर सांडलं. बत्तीसातला एक आमच्याच वाट्याला काऊन, हा प्रश्नच उलटा होता. बाकीचे एकतीस कुठे गेले, हे विचारायला हवं होतं. त्यातला एक तिच्यासमोर पायरीवर बसून पदराने नाक पुसत होता.

"आई, सोमवारी आंबाटोल्याला ये. हे सगळ्यांसमोर सांग."

"इहिणीसमोर? मेली तरी नाही."

*

सोमवारी पाळीवर पाय ठेवायला जागा नव्हती. या वेळी डिझेल आधीच भरून ठेवलं होतं. पहिल्या रांगेत नंदलाल इसाराची थैली मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी कुंदाबाई नवं लुगडं नेसून.

"उद्या सहावा मंगळवार," ओमेशजी म्हणाले. "ज्यांनी आज चौकोन घेतला, त्यांचंच उद्यापासून..."

"त्याआधी एक विचारू?" पुष्पांजली थेट माइकपाशी गेली. "तिसऱ्या मंगळवारी तुम्ही आम्हाला 'खाली' सांगितलं. त्याच दिवशी सौंदडला 'वर' सांगितलं. हे खरं का?"

ओमेशजी गडबडले नाहीत. "मॅडम, शंका करणं सोपं आहे. कोण म्हणतो? है कोई सौंदडवाला?"

कुंदाबाई दात खाऊन म्हणाली, "बस व खाली. लाज आनली."

तेवढ्यात गर्दीच्या कडेने आवाज आला. "मी हाये."

शकुंतलाबाई आली होती. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, नजर विहिणीकडे नाही, सरळ माइककडे. "मी म्हणतो. मलेच आला होता 'वर'. साऱ्या सौंदडले आला. चुकला. मंग आमाले सोडून देल्लं. म्हणे श्रद्धा कमी पडली. तीन हप्ते मी मलेच दोष देऊन राहिली."

"कमीच पडली असेल, माताजी," ओमेशजी हळहळले. "दुःख वाटतं."

"वाटू द्या," पुष्पांजली म्हणाली. ती बायांकडे वळली. "गावातल्या साऱ्या सुनांनो, मोबाइल काढा. आपापल्या माहेरी फोन लावा. स्पीकरवर टाका आणि विचारा, ओमेशजींचे संदेश येतात का, आणि बंद झाले असतील तर कधी."

सासवा कुरकुरल्या. ऊर्जा फाटेल म्हणाल्या. पण माहेरी फोन लाव असं भर सभेत कोणी सांगायची ही पहिलीच वेळ होती, आणि सुनांनी ती संधी सोडली नाही.

मंजूचं माहेर मुर्री. तिचा भाऊ फोनवर म्हणाला, "पहिल्याच मंगळवारी चुकला तो. मंग बंदच."

दामिनीचं माहेर अर्जुनी मोरगाव. "चारदा बरोबर आला, पाचव्याले आपटला," माइकपाशी धरलेल्या फोनमधून तिची आई बोलली. "पन हळू बोल व. ते भवानी बाजूले तं नाही नं? तिले सांगजो नोको."

ती भवानी बाजूलाच बसली होती. साऱ्या तलावाने ऐकलं.

फोन लागतच राहिले. कुठे दुसऱ्या मंगळवारी बंद, कुठे चौथ्या. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तेच, तुझ्या सासूले सांगजो नोको. हसू आधी तोंडावर पदर घेऊन आलं, मग पदर बाजूला पडले. ओमेशजी एव्हाना कानातलं यंत्र काढून खिशात ठेवत होते.

पुष्पांजलीने माइक हातात घेतला.

"यात अंतर्ज्ञान नाही, परदेशी विद्याही नाही. समजा बत्तीस गावं घेतली. सोळा गावांना लिहिलं भाव वर जाणार, सोळांना लिहिलं खाली. काहीही झालं तरी सोळा गावांत संदेश खराच ठरणार. चुकलेली सोळा गावं सोडून दिली. उरलेल्या सोळांत आठांना वर, आठांना खाली. मग चार. मग दोन. मग एक. त्या एका गावाला वाटतं, हा माणूस कधी चुकलाच नाही. तो दर मंगळवारी चुकत होता, फक्त आपल्यासमोर नाही. संदेश योग्य माणूस शोधत नव्हता. चुकीचा संदेश माणसं गाळत होता. आपण निवडलेलं गाव नाही. आपण उरलेलं गाव आहोत."

"ये मार्केटिंग है," ओमेशजी पुटपुटले. "राइट ऑडियन्स तक पहुँचना पड़ता है. सब करते हैं."

"करत असतील. पण शेजारीपाजारी बोलतात म्हणून तुम्ही अख्ख्या गावाला एकच संदेश दिलात. नकाशावर गावं वेगवेगळी दिसली तुम्हाला. इथल्या प्रत्येक घरात दुसऱ्या गावची लेक नांदते, हे कोणी सांगितलं नाही का?"

ओमेशजी गाडीकडे निघाले. रामलालने गाडीपुढे ट्रॅक्टर आडवा लावून चावी खिशात टाकली होती, आणि ठाण्याला फोनही केला होता. "बसा नं जी," तो म्हणाला. "येऊन राहिले साहेब. तवर सांगा, तुमचा भाव वर जाईन का खाली?"

हशा ओसरल्यावर पुष्पांजली पुन्हा बोलली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं.

"उद्या दुसरा येईल. त्याच्याकडे कॉइन नसेल, काहीतरी वेगळं असेल. तो पाचपैकी पाच दाखवेल, तेव्हा जे दाखवलं नाही ते विचारा. काम झालं नाही तर तुमचीच श्रद्धा कमी पडली असं म्हणेल, तेव्हा मान खाली घालू नका. आणि हे कोणाला सांगू नका म्हणाला, की तेवढं मात्र सगळ्यांना सांगा. अगदी विहिणीलाही. आपल्या लाजेवरच याचा धंदा चालला. लाज त्याची आहे, आपली नाही."

टाळ्या अशा वाजल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते, खूप दिवसांनी बघावं तसे.

कुंदाबाई उठली. नंदलालच्या मांडीवरच्या थैलीकडे तिने बोट दाखवलं. "नंदलालभाऊ, ते घरी घेऊन जा. पाळीखालची बांधी इकाची नाही."

मग ती गर्दीतून वाट काढत विहिणीसमोर जाऊन उभी राहिली. पुष्पांजलीच्या हातातला माइक अजून चालूच होता. शकुंतलाबाईने आपल्या तोंडाने आपली फजिती चारचौघांत सांगून दुसरीचं शेत वाचवलं होतं, आणि हे कुंदाबाईला कळलं आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. तिचे डोळे भरले होते. तिने शकुंतलाबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"इहीणबाई."

"बोला नं जी."

कुंदाबाई आणखी जवळ सरकली.

"दिवाळीत करंज्या धाडल्या होत्या तुमच्याकडे. तो स्टीलचा डबा आता तरी वापस करा. झाकनासगट."