विझलेला दिवा

वळण संपलं आणि इंजिनात चालकाचा हात ब्रेकवर गेला. सिग्नलचा खांब होता, दिवा नव्हता. लाल नाही, पिवळा नाही, हिरवा नाही.

"दिवा गेला असेल," सहायक म्हणाला. "काका, आज तरी..."

आज तरी म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. मागच्या तिसऱ्या डब्यात चालकाची आई होती. छातीत कळ आलेली, धाप लागलेली. शहरातलं इस्पितळ गाठायला ही एकच गाडी. पण विझलेला सिग्नल लालच समजायचा, हा रेल्वेचा नियम. चालकानं गाडी उभी केली. सहायक खांबावरच्या फोनकडे धावला. स्टेशनात कुणी उचलेना.

तेवढ्यात खडी तुडवत धाकटा भाऊ आला. आईला सांभाळायला तो सोबत निघाला होता. या मार्गावरचे सिग्नल दुरुस्त करणं हीच त्याची नोकरी.

"दादा, थांबलास कशाला? आईचे ओठ निळे पडतायत!"

"दिवा नाही."

"अरे, तार ढिली आहे त्याची! सकाळीच पाहिली मी. घट्ट करणार, तेवढ्यात घरून आईच्या दुखण्याचा फोन आला नि पळालो. बाकी काही नाही, चल तू!"

"कुणाला सांगितलंस?"

"सांगतोय कुणाला! डोकं ठिकाणावर होतं का माझं?"

"तार ढिली आहे, हे तुला माहीत. पुढे रूळ मोकळा आहे, हे कुणाला माहीत?"

"बस नियम कवटाळून! आई काय तुझी एकट्याची आहे?"

चालकानं ब्रेकवरचा हात काढला नाही. काळीज फाटतं तेव्हा आवाज होत नाही, एवढी तरी देवाची दया.

"सिग्नलच्या पेटीची किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग भांडतोस काय? जा!"

पुटपुटत, शिव्या घालत धाकट्यानं खांबाखालची पेटी उघडली, तार बसवली, पेच पिळला. वर पाहिलं.

लाल.

आणि मग पुढून धडधड आली. फाट्यावरून मालगाडी आडवी चालली होती. डब्यामागून डबा, संपता संपेना. धाकटा पेटीशी तसाच बसून राहिला. मग उठून डब्याकडे पळाला.

आईनं अर्धे डोळे उघडले. "गाडी का रे थांबली?"

"माझ्यामुळे, आई."

"मग तूच कर की सुरू," ती म्हणाली आणि हसायला गेली, तर खोकला आला. हातातला हात सैल पडत चालला होता.

त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. दिवा अजून लाल होता, पुढे मालगाडी अजून आडवी धडधडत होती. आणि देवाजवळ हिरवा मागायला त्याची जीभ रेटेना.