सरळ पंखांच्या माश्या

माश्या मारणं हा सासूबाईंच्या मते रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि त्याचा सुनेला पगार मिळतो हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. सून मात्र हट्टाला पेटलेली. प्रयोगशाळेत तिला सगळे माशीताई म्हणत. फळमाश्यांच्या बरण्या धुताधुता तिची ऐन उमेदीची वर्षं गेली होती, आणि आता प्रयोगशाळेचे प्रमुख, तिचे सर, म्हणत होते, काम बंद करा.

तिचं म्हणणं असं. माश्यांची दोन घराणी, दोन्ही ठणठणीत. त्यांची सोयरीक जुळवली की जी संकर लेक होते, तिच्या अंड्यांत दोन्हीकडच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात. अशी एखादी नवी जोडणी पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून मिळाली, की ते वाढतानाच मरतं. म्हणजे जीवघेणा दोष बाहेरून आलेलाच नाही, तो दोन निरोगी तुकड्यांच्या मेळातून जन्मला. ओळखायची खूण सोपी होती: एकेका जोडणीची पिल्लं वेगळ्या नळीत वाढत; जोडणी एकाकडूनच आली तर खुणेसाठी घेतलेल्या वाणामुळे पंख कुरळे, दोघांकडून आली तर सरळ. चांगल्या नळीत कुरळ्या पंखांच्या माश्यांबरोबर सरळ पंखांच्याही निघत. दोषी नळीत सरळ पंखांची औषधालाही सापडत नसे.

"बुचं सैल राहिली असतील. कुठल्या तरी रोगट वाणाची माशी शिरली," सर म्हणाले. मग तिच्याच बरण्यांतल्या माश्या घेऊन त्यांनी स्वतः प्रयोग केला. प्रत्येक नळीत सरळ पंखांच्या माश्या मजेत फिरत होत्या. निकाल लागला. उद्या संशोधनाला पैसे देणाऱ्या मंडळाच्या बैठकीत तो सांगितला की संपलं.

घरी ती धाय मोकलून रडली. नवरा बेकरीवाला, त्याने पिठाचे हात पुसले. "पाव फसला की मी आधी विचारतो, पीठ कोणी मळलं आणि कसं. तू सरांना विचारलंस?"

तिने विचारलं नव्हतं. नुसतीच चिडली होती.

सकाळी तिने सरांना गाठलं. "सर, पुढच्या पिढीसाठी तुम्ही संकर माद्या घेतल्या की नर?"

"नर. माद्या घ्यायच्या तर नरांनी गाठायच्या आत वेगळ्या काढायला पहाटे यावं लागतं. माझ्या कामात, माश्यांवर क्ष-किरण सोडून दोष पाडताना, जन्मभर नरच वापरले, हात तिकडेच गेला."

"पण सर, फळमाशीच्या नरात तुकड्यांची अदलाबदल होतच नाही."

"हे तर मीच तुला शिकवलं."

"हो सर. माश्या त्याच, बरण्या त्याच. अदलाबदल नाही, तर मरणही नाही. रोगट माशी शिरली असती तर तुमच्याही नळ्यांत दोष दिसला असता." तिने आपली वही पुढे केली. "मला तुमचे आकडे माझ्या आकड्यांशेजारी मांडायचेत. आणि नर घेतल्याचं मंडळाला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर सबब वाटेल."

"अगं, या वयात चारचौघांत स्वतःचं हसं करून घेऊ?"

"हो सर."

ते निघून गेले.

बैठकीत सर तिच्या आधी उभे राहिले. "मी संकर नर घेतले," ते म्हणाले. मागच्या खुर्चीवरून कोणीतरी फिदीफिदी हसलं. हसू संपेपर्यंत सर थांबले. "माझ्या हातून चूक झाली, आणि त्या चुकीमुळेच यांचं म्हणणं बळकट झालंय. बाकीचं त्या सांगतील."

माशीताई उठली आणि तिने दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. तिचा आवाज खणखणीत होता.